किरचॉफने मोजलेली वेटोळी
बारावीत सर्किटचे नियम मी नुसते पाठ केले. ते मांडणारा किरचॉफ तेव्हा विद्यार्थीच होता, हे कुणी सांगितलं नाही. गाव क्योनिग्जबर्ग, हो, ऑयलरच्या सात पुलांचं!

1847 साली त्याने तारांच्या जाळ्यातली स्वतंत्र वेटोळी मोजली: तारा वजा सांधे अधिक एक. सहा तारा, चार सांधे, तर तीन. तार लांब की वाकडी, फरक नाही. कोण कुणाला जोडलंय एवढंच बघायचं. आकारांतली भोकं मोजणारं प्वांकारेचं बीजगणित यायला 1895 उजाडलं. दोन्हींचा संबंध हेरमान वाइलने 1923मध्ये दाखवला, तोही स्पॅनिश लेखात. वाचणार किती जण?

पुढे 1970च्या दशकात बर्कलीत ‘स्पाइस’ हा प्रोग्राम आला. चिप बनवण्याआधी सर्किट कम्प्युटरवर चालवून बघायचं, आणि सुरुवात जोडण्यांच्या त्याच यादीपासून.