फाटलेला आवाज

माझ्याकडे एक अँप्लिफायर आहे. पत्र्याचा डबा, हिरवा रंग बराचसा उडालेला, समोर चार नॉब. कंपनीच्या नावाची पट्टी खाऱ्या हवेने कधीच खाऊन टाकली आहे. चालू केला की अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग जाळीच्या आत नारिंगी उजेड दिसायला लागतो, तापलेल्या धुळीचा वास येतो आणि हलकी घरघर सुरू होते. हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. शनिवार-रविवार मी यातून गिटार वाजवतो. (शेजारी सहनशील आहेत!)

पण हा गिटारचा अँप्लिफायर नाहीच. हा रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातल्या तात्यांचा. तात्या लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न, सत्यनारायण, नमन, जाखडी, निवडणुकीची सभा, सगळीकडे हा डबा आणि आंब्याच्या झाडावर बांधलेले दोन कर्णे. पुढे ट्रान्झिस्टरचे हलके अँप्लिफायर आले आणि हा माळ्यावर गेला. दोन वर्षांपूर्वी गणपतीला घरी गेलो तेव्हा तात्या म्हणाले, "तुला असल्या गोष्टींचं वेड आहे ना, घेऊन जा."

थोडा इतिहास सांगतो. लोकमान्य टिळक रत्नागिरीचे, जन्म १८५६. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, त्यात हजारोंच्या सभा झाल्या, आणि टिळक बोलले ते निव्वळ स्वतःच्या घशाच्या जोरावर. १९२० साली ते गेले. आपल्याकडे सभेत लाऊडस्पीकर रुळला तो त्यानंतर, आणि त्यात मोठा वाटा 'शिकागो रेडिओ'चा. नाव शिकागो, पण कंपनी मोटवाने कुटुंबाची. १९०९ साली सिंधमधल्या सक्करला सुरू झालेली आणि पुढे मुंबईत आलेली. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत मायक्रोफोनवर हे नाव दिसतं ते म्हणूनच. काँग्रेसच्या सभांना ही यंत्रणा नानिक मोटवाने पुरवायचे. १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर तेही आरोपी होते.

या सगळ्या यंत्रांच्या पोटात व्हॉल्व्ह होते. काचेच्या नळीत हवा नाही, आत एक तापणारी तार, तिच्या उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन आणि त्यांना आवरणारी एक जाळी. जाळीवर मायक्रोफोनचा नाजूक सिग्नल दिला की पलीकडे तोच मोठा होऊन मिळतो. १९०६ साली ली डी फॉरेस्टने ही जाळी घातली आणि पुढची पन्नासेक वर्षं रेडिओ, टेलिफोन, सिनेमा, सभा सगळं तिच्यावर चाललं.

आता माझ्या डब्यात काय आहे ते बघू. दोन 'ईएल ८४', एक 'ईसीसी ८३', एक 'ईएफ ८६' आणि वीज सरळ करणारा 'ईझेड ८१'. ही नावं म्हणजे नीट केलेलं कोडिंग आहे, आमच्या प्रोजेक्टमधल्या व्हेरिएबलच्या नावांपेक्षा बरंच बरं. 'ई' म्हणजे तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट, 'एल' म्हणजे पॉवर पेंटोड, 'सीसी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ८०च्या पुढचे आकडे नऊ पायांच्या छोट्या व्हॉल्व्हचे. पन्नासच्या दशकात मलार्ड या इंग्लिश कंपनीने 'फाइव्ह-टेन' नावाचं सर्किट प्रसिद्ध केलं होतं, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट. माझा डबा त्याच घराण्यातला दिसतो. यातला एक ईएल ८४ बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा होता. 'होता' का, ते पुढे सांगतो.

गंमत अशी की १९५८ साली इंग्लंडमध्ये डार्टफर्डला व्हॉक्स कंपनीने 'एसी १५' हा गिटार अँप्लिफायर काढला, त्यातही ईएफ ८६ आणि दोन ईएल ८४च होते. पुढे जास्त आवाज हवा म्हणून चार ईएल ८४ घालून 'एसी ३०' झाला. शॅडोज आणि बीटल्स यांनी वाजवला तो हाच. तिकडे अमेरिकेत लिओ फेंडरचं मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचं. लंडनचा जिम मार्शल ड्रम शिकवायचा आणि विकायचा. त्याच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ साली फेंडरच्या बासमनवरून आपला पहिला अँप्लिफायर बनवला. म्हणजे जगभर हे काम रेडिओ मेकॅनिक मंडळींचंच, सर्किट साधारण तेच, आणि आमच्याकडे लॅमिंग्टन रोडवर बसून लाऊडस्पीकरचे डबे जोडणारेही त्यांचेच भाऊबंद.

मग फरक कुठे पडला? एका वायरीत.

तात्यांच्या धंद्यात सगळ्यात मोठी नामुष्की म्हणजे आवाज फाटणं. बुवांनी वरचा सूर लावला आणि कर्णा खरखरला की लोक वळून तात्यांकडे बघत. यावर इंजिनिअर लोकांचा उपाय म्हणजे 'निगेटिव्ह फीडबॅक'. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे अँप्लिफायर स्वतःची चूक स्वतःच सुधारतो. बेल लॅबोरेटरीच्या हॅरॉल्ड ब्लॅकला हे १९२७ साली होडीतून कामावर जाताना सुचलं आणि त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच ते लिहून काढलं. फाइव्ह-टेनमध्ये ही फीडबॅकची वायर आहे. एसी ३०मध्ये नाही. फीडबॅक असला की आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि कुवत संपली की एकदम कडकन फाटतो. नसला तर हळूहळू, गोलाईने फाटत जातो. हळू छेडलं तर साफ, जोरात छेडलं तर भरडा. गिटारवाले या दोषाच्या प्रेमात पडले. तात्या ज्याच्याशी आयुष्यभर भांडले त्यासाठी लोक आज भरपूर पैसे मोजतात.

आपल्याकडेही हे वेड होतं. १९७० आणि ७१च्या सिमला बीट स्पर्धांतल्या बँडच्या रेकॉर्ड आजही संग्राहक शोधत असतात. आयातीवर कडक निर्बंध होते, मग ओळखीचा मेकॅनिक गाठून अँप्लिफायर बनवून घ्यायचा नाहीतर लाऊडस्पीकरवाल्याचाच वापरायचा, असा तो काळ. त्यामुळे माझा उद्योग काही नवा नाही.

आता माझी चूक. कोकणातल्या दमट हवेत जुने कागदी कंडेन्सर गळायला लागतात, म्हणजे जी वीज अडवायची ती पुढे सोडतात. ते आधी बदलायचे आणि मगच डबा चालू करायचा, हे मी वाचलं होतं. पण धीर नव्हता. प्लग लावला, आवाज आला, मी खूश. मिनिटभरात ईएल ८४ची प्लेट आतून लालभडक झाली. मी स्विच बंद करेपर्यंत बंगलोरचा तो व्हॉल्व्ह गेला होता. तात्यांनी इतकी वर्षं प्रत्येक कार्यक्रमानंतर फडक्यात गुंडाळून ठेवलेला, आणि मी इंजिनिअर म्हणवणाऱ्याने तो मिनिटभरात घालवला. आता तिथे स्लोव्हाकियाचा आहे. चांगला आहे, पण तो नाही. (कुणी असं काही उघडणार असाल तर एक सांगतो. बंद केल्यावरही आत तीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात. आधी रेझिस्टर लावून ते उतरवा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जातो.)

त्या चुकीनंतर फीडबॅकची वायर कापायला हात धजेना. ती कापली की माझ्या गिटारला हवा तो आवाज मिळणार होता, पण तात्यांचा डबा संपणार होता. शेवटी वायरीच्या वाटेत एक स्विच घातला आणि तोही जुन्या फ्यूजच्या रिकाम्या भोकात बसवला, नवीन भोक न पाडता.

गेल्या गणपतीत डबा गाडीत घालून गावी नेला. पडवीत तात्यांना बसवलं, स्विच माझ्या बाजूला केला आणि वाजवलं. तात्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मेल्या, आवाज फाटू नये म्हणून आम्ही जन्म घालवला, आणि तू मुद्दाम फाडतोस?" व्हॉल्व्हचंही सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. काचेवरून बोट फिरवत नवा व्हॉल्व्ह बघितला आणि "तापतोय नीट" एवढंच म्हणाले.

रात्री भजनाला मांडववाल्याच्या मोठ्या स्पीकरऐवजी हाच लावायचं ठरलं. तात्यांनी स्वतः स्विच दुसरीकडे केला, माइक जोडला आणि सवयीने म्हणाले, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." बुवांनी वरचा सूर लावला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता.

नाही फाटला.