स्पोर्ट्स कारला टोबार लावता येतो का? ट्रॅक डे, ट्रेलर आणि त्यामागचं गणित

परदेशातल्या ट्रॅक डेच्या व्हिडिओंमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, तिच्या मागे तिच्याहून छोटा ट्रेलर आणि त्यावर बांधलेले चार टायर. आमच्या आष्टीतल्या पोरांना असा व्हिडिओ दाखवला की उत्तर ठरलेलं: "एवढंच ना? आपला वेल्डिंगवाला तासाभरात हूक मारून देईल."

देईलही. ऊसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जाताना बघत आपण मोठे झालोय, त्यामुळे गाडीमागे काहीतरी जोडणं ही आपल्याला फार साधी गोष्ट वाटते. पण ट्रॅक्टर ओढण्यासाठीच बनवलेला असतो आणि स्पोर्ट्स कार तशी नसते. हा फरक नेमका कुठे पडतो, ते या लेखात बघू.

थोडक्यात उत्तर

- गाडी बनवणाऱ्या कंपनीने ट्रेलर ओढायला परवानगी दिली असेल तरच टोबार लावायचा.
- खरा धोका हूक तुटण्याचा कमी असतो. तो कुठे बसवलाय आणि ट्रेलरमध्ये वजन कसं ठेवलंय, यात जास्त असतो.
- भारतात यात कायदा आणि विमा हे दोन मुद्देही येतात.

ट्रॅक डेला ट्रेलर लागतो कशाला?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. पैसे भरून स्वतःची गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. आपल्या देशात ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट (५.१२५ किमी), चेन्नईजवळचा ट्रॅक (सुमारे ३.७ किमी) आणि कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे (२.१ किमी) हे त्यातले नावाजलेले ट्रॅक.

ट्रॅकवरचे मऊ रबराचे टायर रस्त्यावर लवकर झिजतात आणि पावसात धोकादायक ठरतात. म्हणून लोक रस्त्याच्या टायरवर जातात आणि तिथे पोचल्यावर टायर बदलतात. पण दोन सीटच्या गाडीत चार जादा चाकं मावत नाहीत. अमेरिकेतल्या माझदा मियाटावाल्या हौशी मंडळींनी यावर छोटा टायर ट्रेलर हा उपाय काढला. गंमत म्हणजे याच गाडीच्या माहितीपुस्तिकेत कंपनीने ट्रेलर ओढू नका असं सांगितलंय! म्हणजे व्हिडिओत दिसतं ते कंपनीला मान्य असतंच असं नाही.

टोबारचे भाग

ट्रेलर हिच किंवा टोबार म्हणजे गाडीच्या मागे बसणारी लोखंडी चौकट. तिच्या टोकाला गोळा असतो. ट्रेलरच्या दांडीची वाटी त्या गोळ्यावर बसते आणि लॉक होते. युरोपात गोळ्याचा व्यास ५० मिमी ठरलेला आहे. अमेरिकेत १⅞, २ आणि २ ५⁄१६ इंच असे आकार चालतात. गोळा आणि वाटी एकाच मापाची हवी. २ इंच म्हणजे ५०.८ मिमी, त्यामुळे "जवळपास सारखंच आहे" म्हणून अदलाबदल करू नका. याशिवाय सेफ्टी चेन लागते. वाटी निसटली तरी ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून.

आणखी एक घोळ आधीच मिटवू. ट्रॅकवर गाडी बंद पडली तर ती टोचन करून बाहेर काढण्यासाठी पुढे-मागे जी कडी लावतात तो टो हूक. तो वेगळा आणि टोबार वेगळा. टो हूकला ट्रेलर लावायचा नसतो.

हुकावर जोर किती येतो?

युरोपात टोबारवर 'डी व्हॅल्यू' छापलेली असते. तिचं सूत्र असं:

डी = ९.८१ × गाडीचं वजन × ट्रेलरचं वजन ÷ (दोन्हींची बेरीज)

वजन टनात घ्या, उत्तर किलोन्यूटनमध्ये येतं. माणसं-सामानासह १.३ टनाची कार आणि ०.३ टनाचा ट्रेलर धरला तर डी येते साधारण २.४. आता २ टनांचा ट्रॅक्टर आणि १० टनांची भरलेली ट्रॉली धरा. डी येते १६.४. जवळपास सातपट.

म्हणजे आपला वेल्डिंगवाला जो हूक बनवेल तो स्वतः तुटणार नाही, हे त्याचं म्हणणं बहुतेक खरं असेल. प्रश्न पुढचा आहे: तो हूक गाडीच्या कुठल्या भागाला धरून राहणार?

बोल्ट कुठे बसणार?

ट्रॅक्टरचा हूक थेट त्याच्या जाड कास्टिंगला बसतो. लॅडर फ्रेमच्या जीपला दोन जाड लोखंडी कण्या असतात. स्पोर्ट्स कारला असं काही नसतं. पातळ पत्र्याचे भाग जोडून तिचं अख्खं शरीर बनतं. मागच्या बंपरच्या आत एक आडवी बीम असते आणि तिच्यामागे क्रॅश बॉक्स. मागून धडक बसली की हे क्रॅश बॉक्स आधी चेपतात आणि धक्का आत पोचू देत नाहीत.

इथे मनाने हूक ठोकला तर तीन गोष्टी होऊ शकतात:

१. पातळ पत्र्याला वेल्डिंगची उष्णता लागून तो कमकुवत होतो, नंतर गंजतो आणि तडकतो. अॅल्युमिनियमच्या बीमवर तर साधं लोखंडी वेल्डिंग चालतच नाही.

२. मागून धडक बसली तर आधी हुकालाच बसते. क्रॅश बॉक्स चेपायच्या आधी धक्का थेट गाडीच्या सांगाड्यात जातो.

३. सायलेन्सर तिथेच असतो. ट्रॅकवर तो प्रचंड तापतो. वायर किंवा प्लास्टिक जवळ असेल तर वितळतं.

म्हणून परदेशात त्याच मॉडेलसाठी बनवलेला, गाडीच्या मूळ छिद्रांत बोल्टने बसणारा टोबार वापरतात. गोळा काढता येईल असा असतो. ट्रॅकवर जायच्या आधी तो काढून ठेवतात.

वजन कसं ठेवायचं? बैलगाडीवाल्याला विचारा

बैलगाडी भरताना जुनी माणसं बघायची, गाडी उलाळ होता कामा नये. मागे वजन जास्त झालं की पुढची दांडी वर उचलते आणि बैलांच्या मानेवरचं जू निघायला बघतं. ट्रेलरचा नियम हाच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर आला पाहिजे.

उदाहरण बघा. ट्रेलर १०० किलो, चार चाकं ८० किलो, जॅक आणि हत्यारं ३० किलो. एकूण २१०. त्याच्या १२ टक्के म्हणजे सुमारे २५ किलो गोळ्यावर. गोळा मागच्या अॅक्सलच्या ८० सेंमी मागे आणि दोन अॅक्सलमधलं अंतर २३१ सेंमी असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर ३४ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ९ किलो कमी होतात. स्टिअरिंगची पकड पुढच्या चाकांवर असते, त्यामुळे हलक्या गाडीत एवढा फरकही जाणवतो.

भार मागे गेला तर ट्रेलर डोलायला लागतो. ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून वजन मागे सरकवल्याचा व्हिडिओ तुमच्यापर्यंतही आला असेल. ठरावीक वेगापुढे डोलणं वाढतच जातं आणि शेवटी ट्रेलर गाडीलाच फिरवतो. गाडी हलकी आणि आखूड असेल तर हे लवकर होतं.

डोलायला लागला तर: अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका.

वायरिंग: माझ्या आवडीचा भाग

ट्रेलरच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये डावा-उजवा इंडिकेटर, डावा-उजवा टेललॅम्प, ब्रेक लाइट, फॉग लॅम्प आणि अर्थ असतात. जुन्या गाडीत वायर सोलून जोड दिला तरी चालायचं. नव्या गाडीत दिवे एक कंट्रोल युनिट चालवतं आणि प्रत्येक दिव्याचा करंट मोजतं. जास्त करंट गेला तर ते आउटपुट बंद करू शकतं किंवा युनिट खराब होऊ शकतं.

म्हणून ट्रेलर मॉड्यूल लावतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत ते गाडीचे सिग्नल फक्त 'रीड' करतं. दिव्यांसाठी वीज मात्र बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून घेतं. ज्या गाड्यांमध्ये सोय आहे तिथे हे मॉड्यूल "मागे ट्रेलर आहे" असा निरोपही देतं. मग रिव्हर्सचे सेन्सर उगाच बोंबलत नाहीत आणि ईएसपी डोलणारा ट्रेलर ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावतं. घरी बनवलेल्या हुकाला यातलं काहीच मिळत नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच आहे, त्याची नोंदणी वेगळी लागते.

गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याची एआरएआय किंवा आपल्या शेजारच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्था ते तपासतात. त्या तपासणीत तुमचा हूक नव्हता. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं यावरच बोट ठेवू शकते.

मग टायर न्यायचे कसे?

- चौघे मित्र मिळून एक पिकअप करा. टायर, जॅक आणि हत्यारं सगळी त्यात.
- गाडी फक्त ट्रॅकसाठीच असेल तर ती फ्लॅटबेडवरून न्या. येताना बिघडली तरी चिंता नाही.
- पहिल्याच ट्रॅक डेला वेगळे टायर लागत नाहीत. चांगल्या स्थितीतले रस्त्याचे टायर आणि नवं ब्रेक ऑइल पुरतं.
- ट्रेलर हवाच असेल तर माहितीपुस्तिकेत 'टोइंग' हे प्रकरण उघडा. तिथे वजनाचा आकडा असेल तर तो घेऊन आरटीओत विचारा. "ट्रेलर ओढू नका" लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला.

अहिल्यानगर रस्त्यावर रात्री दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर आली की काय होतं, हे आष्टीकरांना वेगळं सांगायला नको. मागे जे जोडाल ते दिसलं पाहिजे, सरळ चाललं पाहिजे आणि निसटता कामा नये. ट्रॅक्टर असो की स्पोर्ट्स कार, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला एवढंच हवं असतं.