प्राचीन डीएनए संशोधनातील नमुन्यांच्या भेसळीचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्राचीन हाडातील डीएनए अत्यल्प व तुटक असतो. हाड हाताळणाऱ्या माणसाचा डीएनए मात्र ताजा व विपुल असतो. त्यामुळे या क्षेत्रात नमुन्यातील भेसळ निष्कर्षच बदलू शकते. निअँडरथल मानवाच्या जनुकसंचाच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
१९९४ साली अमेरिकेतील युटा येथील सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए मिळाल्याचा दावा झाला. तो डीएनए मानवी असावा, असे इतर संशोधकांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले.

२००६ साली लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतील स्वान्ते पेबो यांच्या गटाने क्रोएशियातील विंदिया गुहेतील हाडातून निअँडरथल डीएनएची सुमारे १० लाख अक्षरे वाचली. त्यासाठी एकाच वेळी लाखो तुकडे वाचणारे नवे यंत्र वापरले होते. त्याच हाडाचा डीएनए दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने वाचला होता. दोन्ही निष्कर्षांतील विसंगती २००७ मध्ये जेफ्री वॉल व सुंग किम यांनी निदर्शनास आणली आणि भेसळीची शक्यता मांडली.

अडचण मूलभूत होती. निअँडरथल व आधुनिक मानव यांचा संकर झाला होता काय, हा मुख्य प्रश्न होता. परंतु संकर असो वा भेसळ, दोहोंमुळे निअँडरथल डीएनए आजच्या माणसाच्या अधिक जवळचा दिसतो.

डीएनए स्वच्छ कक्षात वेगळा केला जाई. यंत्रासाठीची पुढील तयारी मात्र बाहेर होई. पुढे ही तयारीही स्वच्छ कक्षात होऊ लागली व तेथेच प्रत्येक तुकड्याला चार अक्षरांची विशिष्ट खूण जोडली जाऊ लागली. खूण नसलेला तुकडा नंतर शिरलेला समजून वगळता येई. कक्षात येण्यापूर्वीच हाडात मिसळलेला डीएनए या खुणेने ओळखता येत नाही. त्याचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे लागे. २०१० च्या जनुकसंच-मसुद्यात ही भेसळ १ टक्क्याहून कमी आढळली. त्यामुळेच आफ्रिकेबाहेरील लोकांत १ ते ४ टक्के निअँडरथल अंश असल्याचा निष्कर्ष ग्राह्य ठरला. २०१२ साली याच संस्थेतील संशोधकांनी तुकड्याच्या दोन्ही टोकांना खूण जोडण्याची पद्धत मांडली. एकत्र वाचलेल्या अनेक नमुन्यांतील अदलाबदल त्यामुळे ओळखता येऊ लागली.

निष्कर्ष :
पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागे इतरांनी दाखवलेली त्रुटी दूर करण्याची ही चिकाटीही होती. केवळ स्वच्छता पुरेशी नाही. नमुन्याची ओळख पहिल्या टप्प्यापासून सिद्ध करता आली पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.