तळटीप : ‘दुर्बिणीतून पिशवी काढली’

१. दुर्बिणीतून पिशवी काढली : बोलीत ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. बेंबीजवळ साधारण एक सेंटीमीटरची चीर देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे आतले अवयव नीट दिसतात. मग दुर्बीण आणि बारीक हत्यारे आत घालतात. पुढचे एकदोन दिवस खांदा दुखतो, तो या वायूने श्वासपटलाला होणाऱ्या त्रासामुळे. बायका उगीच धास्तावतात. मोठी चीर नसल्याने जखम चिघळण्याची भीती कमी आणि बाई लवकर हिंडूफिरू लागते. मात्र मूत्राशय वा मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा थोडा अधिक असतो.

कर्करोग असेल तर तो नेमका कुठला, हे आधी विचारावे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात २,६१६ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत दोन्ही पद्धतींनी पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सारखेच, ८९.८ टक्के निघाले. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात चित्र उलटे दिसले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ६३१ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के, तर दुर्बिणीने वा रोबोटच्या साहाय्याने केलेल्या ऑपरेशननंतर ८६ टक्के होते. त्यानंतर या रोगासाठीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये पोट उघडण्याची जुनी रीतच पुन्हा प्रमाण मानली गेली. आपल्याकडे हा कर्करोग स्त्रियांमध्ये बराच आढळतो, म्हणून हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा. — संपा.