घाटाचा राजा : एक बिरूद आणि एक रस्ता

कुंभिवलीसारख्या खालापूर तालुक्यातल्या गावात वाढलेल्या आमच्या पिढीने 'महाकाव्य' हा शब्द अभ्यासक्रमात वाचण्याच्या कितीतरी आधी 'घाटाचा राजा' हे शब्द ऐकले होते. मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्या दिवशी असे, त्या दिवशी जुन्या महामार्गाच्या कडेला माणसे उभी राहत. तेव्हा द्रुतगती महामार्ग झालेला नव्हता. बराच वेळ वाट पाहावी, मग दूरवर गाड्यांचे भोंगे ऐकू यावेत आणि पन्नास-साठ सायकलींचा घोळका सर्रकन डोळ्यांसमोरून निघून जावा. कोण पुढे, कोण मागे हे कळायच्या आत रस्ता पुन्हा रिकामा होई. त्यानंतरची चर्चा मात्र दिवसभर पुरे. आणि तिचा विषय पुण्यात कोण पहिला येणार हा नसे. घाटाचा राजा कोण होणार, हा असे. पुणे दूर होते, घाट आमचा होता.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील क्रीडारसिकांनी या शर्यतीवर मनापासून प्रेम केले. मुंबई, पनवेल, चौक, खालापूर, खोपोली, मग बोरघाट चढून खंडाळा-लोणावळा आणि तेथून पुणे, असा तो सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग. घाटमाथ्यावर जो प्रथम पोहोचेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. ही कल्पना मूळची आपली नव्हे. १९०३ साली सुरू झालेल्या 'तूर द फ्रान्स' या शर्यतीत १९३३ पासून डोंगर चढणाऱ्यांमधील सर्वोत्तम सायकलपटूचा अधिकृत सन्मान होऊ लागला. त्याच्यासाठीचा लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा १९७५ मध्ये आला. पण मराठीत येताना या कल्पनेने 'डोंगर' सोडून 'घाट' हा शब्द घेतला, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. डोंगर निसर्गाचा असतो. घाट माणसाने केलेला असतो.

चढावर शर्यतीचे स्वरूप का बदलते, हे आधी समजून घेतले पाहिजे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची खरी झुंज वाऱ्याशी असते. घोळक्यात दुसऱ्याच्या पाठीशी राहिले की वाऱ्याचा बराच विरोध पुढचा माणूस झेलतो आणि मागच्याची शक्ती वाचते. चढावर वेग घटतो, वाऱ्याचा विरोधही घटतो आणि स्वतःचे वजन वर ओढण्याचे काम उरते. त्यात कोणाची मदत होत नाही. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली, तर लोणावळा सहाशे मीटरच्या वर. एवढ्या चढात घोळका विरघळतो आणि एकेक माणूस वेगळा दिसू लागतो. मात्र घाट जिंकणारा शर्यत जिंकेलच असे नाही. लोणावळ्यापासून पुढे साठेक किलोमीटर उरलेले असतात आणि त्या पठारावर मागून येणारा घोळका एकट्याला सहज गाठू शकतो. म्हणजे हे राज्य फार थोड्या वेळाचे. या क्षणभंगुरतेमुळेच कदाचित लोकांना राजा अधिक प्रिय वाटत असावा.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे रोलाँ बार्थ आठवणे स्वाभाविक आहे. १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात त्याने 'तूर द फ्रान्स'चा विचार एक महाकाव्य म्हणून केला आहे. या शर्यतीत भूगोलाला व्यक्तित्व मिळते, असे तो दाखवतो. व्हाँतू हा उजाड पर्वत तर त्याला बळी मागणाऱ्या दुष्ट देवतेसारखा भासतो. दहाच वर्षांनी, १३ जुलै १९६७ रोजी, त्याच पर्वताच्या चढणीवर टॉम सिम्प्सन हा इंग्लिश सायकलपटू कोसळला आणि मरण पावला. बार्थचे रूपक जणू खरे ठरले.

पण ते खरोखर खरे ठरले का? सिम्प्सनच्या मृत्यूमागे प्रखर ऊन होते, शरीरातील पाणी कमी होणे होते आणि अँफेटामाइन हे उत्तेजक द्रव्य होते. त्या द्रव्यामुळे शरीराची थांबण्याची सूचना मनापर्यंत पोहोचत नाही. ज्यांची रोजीरोटी शर्यतीवर अवलंबून होती, अशा व्यावसायिकांमध्ये या द्रव्यांचा वापर तेव्हा सर्रास होता. पर्वताने बळी घेतला असे म्हटले की हे सगळे प्रश्न विचारायचे राहून जातात. बार्थला हे ठाऊक नव्हते असे नाही. मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते, हाच तर त्याचा सिद्धांत. आपण वाचक मात्र रूपकाच्या सौंदर्यावर थांबतो. 'घाटाचा राजा' या बिरुदाच्या बाबतीत आपले असेच झाले आहे काय?

आल्प्स किंवा पिरेनीजमध्ये चढाला उतार जोडलेलाच असतो आणि अनेक जीवघेणे अपघात त्या उतारावर घडले आहेत. तेथे बोटभर रुंदीच्या टायरवर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने वळणे घ्यावी लागतात. १९९५ मध्ये फाबिओ कासार्तेली, २०११ मध्ये इटलीच्या 'जिरो' शर्यतीत वाउटर वेलांट, २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जिनो मेडर: हे तिघेही उतारावरील अपघातांत गेले. सह्याद्रीची रचना वेगळी आहे. त्याचा कोकणाकडचा कडा तुटलेला, तर देशाकडची बाजू हळूहळू उतरणारी. मुंबईहून पुण्याला जाणारा सायकलपटू घाट चढतो आणि पठारावर पोहोचतो. त्याच्या वाट्याला तसा भयंकर उतार येतच नाही. या अर्थाने आमचा राजा सुदैवी.

परंतु जो त्याचा चढ, तोच समोरून येणाऱ्याचा उतार असतो. ब्रेक तापलेले ट्रक, भरलेल्या बसगाड्या त्याच वळणांवरून खोपोलीकडे उतरत आल्या आहेत. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलला प्रवेश नाही. जुन्या रस्त्यावरचे भय मात्र संपले नाही. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे याच घाटात, शिंग्रोबाच्या मंदिरापासून जवळच, एक बस दरीत कोसळून तेरा जणांचा मृत्यू झाला. मुंबईचे ज्येष्ठ सायकलपटू अशोक खळे यांचा २०१७ मध्ये सायकल चालवताना झालेल्या अपघातानंतर अंत झाला. तो कोणत्याही शर्यतीत नव्हे, रहदारीच्या रस्त्यावर. आपल्याकडे सायकलपटूला पर्वताचे भय कमी आणि रस्त्याचे अधिक आहे.

शिंग्रोबाचा उल्लेख आला, तेव्हा त्याची आख्यायिकाही सांगितली पाहिजे. या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली, असे सांगतात. लिखित इतिहास दुसऱ्या नावांनी बोलतो. गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने खुला केला. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पूर्ण झाले. त्या कामावर अपघातांनी आणि रोगराईने हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. लोकांनी मात्र एका मारल्या गेलेल्या वाटाड्याचा देव केला, आणि आजही वाहनचालक जाता जाता त्याच्यापुढे नाणे टाकतात. हेही मिथकच. पण व्हाँतूच्या मिथकात पर्वत बळी घेतो. शिंग्रोबाच्या कथेत माणूस माणसाला मारतो आणि लोक ते विसरायला तयार नाहीत. मला हे दुसरे मिथक अधिक प्रामाणिक वाटते.

सायकल शर्यतीतले धाडस खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. खोपोलीच्या वर शेवटच्या वळणावर दात-ओठ खाऊन पायडल मारणारा तो तरुण, बहुधा रेल्वेत किंवा सैन्यदलात नोकरी मिळेल या आशेने घाम गाळणारा, आमच्या कौतुकाला पूर्ण पात्र होता. प्रश्न कौतुकाने काय झाकले हा आहे. त्याच रस्त्याने आमच्या भागातले कामगार सायकलवरून पाळीला जात, मुले शाळेला जात. रोजच्या त्या धोक्याला कोणी बिरूद दिले नाही, म्हणून त्याची नोंदही झाली नाही.

युरोपात व्यावसायिक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचे झाले ते २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव्हच्या अपघाती मृत्यूनंतर. महाकाव्याने जे केले नाही ते एका नियमाने केले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय 'पुणे ग्रँड टूर' झाली, तेव्हा शर्यतीसाठी रस्ते दुरुस्त केले गेले, वाहतूक रोखली गेली. म्हणजे ठरवले तर सायकलसाठी रस्ता सुरक्षित करता येतो. प्रश्न एवढाच उरतो की शर्यत निघून गेल्यावर, म्हणजे वर्षातील उरलेल्या दिवशी, तो कोणाचा असतो. आमच्या लहानपणी घोळका गेल्यावर आम्ही रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभे राहायचो. मग पहिला ट्रक यायचा आणि वडीलधारे ओरडायचे, 'बाजूला व्हा रे!'