प्रतबंदी कारकुनाची कसोटी

शेतकऱ्याने सरकारला किती सारा द्यावा, याविषयी राज्यकर्त्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु ती जमीन प्रत्यक्ष पाहून तिची प्रत ठरविणारा मनुष्य कोण असावा, त्याला काय यावे आणि त्याची चूक कोणी पकडावी, या प्रश्नाकडे इतिहासाचे लक्ष क्वचितच गेले आहे. बेळगाव-निपाणीच्या मुलखाने या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाहिले.

त्यापूर्वी जमिनीची माहिती पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनात राहिलेली असे. गावची माती त्यांच्याइतकी कोणास ठाऊक? पण ज्याच्या हाती दप्तर, त्याच्याच भाऊबंदांची शेते त्या दप्तरात. ही अडचण जुनीच होती. इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबांनी पुणे भागात शास्त्रशुद्ध म्हणून नवी आकारणी केली आणि १८३० मध्ये ती लागू झाली. ती कोसळली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब कागदावर कितीही सूक्ष्म असला, तरी हाताखालच्या नोकरवर्गावर देखरेख अपुरी होती, आणि खालचे आकडे खोटे असल्यावर वरची बेरीज खरी कोठून येणार?

१८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. पुढे विंगेट यांच्याकडे दक्षिण मराठा मुलखाची पाहणी आली आणि १८४७ मध्ये डेव्हिडसन यांच्यासह दोघांनी संयुक्त अहवाल सादर केला. त्यातील प्रतबंदीची रीत साध्या कारकुनालाही शिकविता येण्याजोगी होती. मातीचे तीन वर्ग ठरले. जागोजाग खणून खोली हातांत मोजावयाची. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी माती म्हणजे पहिली प्रत, सोळा आणे. तेथून उतरत नववी प्रत दोन आण्यांची. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, ओल साचणे, पुराने माती वाहून जाणे, असा एकेक दोष आढळला की एकेक प्रत खाली. म्हणजे सोळा आण्यांच्या शेतात चुनखडी निघाली, की ते चौदा आण्यांवर येई. परसगडची काळी रान आणि खानापूरची भातखाचरे एकाच फुटपट्टीने मोजता येत नसत. म्हणून भाताच्या जमिनीला पाण्याची हमीही पाहिली जाई.

या रीतीचे मर्म दोन गोष्टींत होते. कारकुनाने ठरवावयाची ती फक्त जमिनीची तुलनात्मक प्रत. दर मात्र हवामान, बाजारपेठेचे अंतर आणि पूर्वीची वसुली पाहून वरिष्ठ अधिकारी गावांच्या समूहासाठी ठरवी. शिवाय कारकुनाच्या कामातील काही शेते सहायक अधिकारी स्वतः पुन्हा तपाशी. खड्डा पुन्हा खणता येत होता; म्हणूनच निर्णय पडताळता येत होता. ठरलेला आकार तीस वर्षे कायम राहील, ही हमी शेतकऱ्याला मिळे.

ही कसोटी सुटली की काय होते, हे त्याच मुंबई इलाख्यात बारडोलीने दाखविले. तेथील फेरआकारणी भाडेपट्ट्यांच्या न तपासलेल्या आकड्यांवर विसंबली होती. सरकारने बावीस टक्के वाढ लादली. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. नंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली, तेव्हा समर्थनीय वाढ सुमारे सहा टक्केच ठरली.

शहरात शेताच्या जागी घर आले. बेळगावात १८५१ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. घरपट्टीसाठी मातीच्या प्रतीऐवजी वार्षिक भाडेमूल्य आले. खड्ड्याची जागा आकारणी-यादी, जाहीर नोटीस आणि हरकतीची सुनावणी यांनी घेतली. १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला, दप्तराची भाषा बदलली. तेव्हापासून मराठी घरमालकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला: जी नोटीस वाचता येत नाही, तिच्यावर हरकत कशी घ्यावी?

देशात कंपन्यांच्या मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्यांस २०१७ च्या नियमांनी परीक्षा व नोंदणी सक्तीची केली. परीक्षा हवीच. तथापि प्रमाणपत्र हे कसोटीचे पहिले पाऊल होय. विंगेटचा कारकून विश्वासास पात्र ठरला, तो त्याने खणलेला खड्डा दुसऱ्याला पाहता येई म्हणून. आणि करदात्याला तो खड्डा दाखविणे हीच आकारणीची खरी परीक्षा आहे.