दोन आरमारांची राखीव शक्ती

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्या युनियनची शिल्लक सुरक्षित असते ती घाईने संप पुकारीत नाही. शिल्लक जप्त होणार अशी कुणकुण लागली की तीच युनियन उतावळी होते. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांचा इतिहास या साध्या अनुभवाने पुष्कळसा उलगडतो.

20 जुलै 1960 रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अमेरिकन पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र उडविले. अशी सोळा क्षेपणास्त्रे तिच्या पोटात मावत. शत्रूने जमिनीवरचे सारे तळ उद्ध्वस्त केले तरी प्रत्युत्तराची शक्ती उरावी, हा हेतू. पण पोलॅरिसचा पल्ला सुमारे 2,200 किलोमीटरच होता. रशियाच्या जवळपास वावरणे भाग होते. म्हणून 1961 साली स्कॉटलंडमधील होली लॉख येथे तळ उघडण्यात आला.

रशियाने 1955 सालीच पाणबुडीवरून क्षेपणास्त्र सोडले होते, परंतु पाण्यावर येऊन. पुढे अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घाईने बांधल्या गेल्या. 4 जुलै 1961 रोजी ‘के-19’ वरील अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणा बिघडली. ती सावरणारे आठ जण महिन्याभरात दगावले. दोन राष्ट्रांच्या चढाओढीचे मोल असे खलाशांनी चुकते केले.

रशियाची मोठी अडचण भूगोलाची होती. अटलांटिकची वाट ग्रीनलंड, आइसलंड व ब्रिटन यांच्यामधून जाते आणि तेथे समुद्रतळाशी अमेरिकेची श्रवणयंत्रे होती. 1970 नंतरच्या दशकात 7,000 किलोमीटरहून अधिक पल्ल्याची क्षेपणास्त्रे हाती आली, तेव्हा रशियाने पाणबुड्या बॅरेंट्स व ओखोत्स्क या घरच्या समुद्रांत ठेवून भोवती आरमाराचा पहारा बसविला. अमेरिकेची पाणबुडी अथांग सागरात एकटी दडे. रशियाची किल्ल्यात राही.

खरा धोका येथूनच पुढे आहे. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन आरमारी धोरणात, अण्वस्त्रांविना चाललेल्या युद्धातही या किल्ल्यातील पाणबुड्या बुडविण्याचा विचार होता. शिल्लक हिसकावली जाते आहे असे दिसल्यावर ती आधीच वापरून टाकण्याचा मोह कोणास होणार नाही?

होली लॉखचा तळ 1992 साली बंद झाला. पाणबुड्या मात्र दोन्हीकडे आजही आहेत. त्या किती आहेत एवढेच विचारून भागणार नाही. त्यांचा पाठलाग चालू आहे काय, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे.